कूलरला दोघं लागतात

एप्रिलची नऊ तारीख.
कूलर अजून जमिनीवरच आहे, संघमित्रा,
गॅलरीत, भिंतीला पाठ लावून,
गेल्या उन्हाळ्याच्या ताट्या पोटात तशाच.
खिडकीबाहेरचा लोखंडी स्टँड रिकामा,
त्यावर एक कबुतर राहतं, भाडं न देता.

तुझ्या ऑफिसात फोन केला की सांगतात,
मॅडम मानेवाड्याच्या फीडरवर आहेत,
डीपी उडाली, लोक जमले,
येऊन राहिल्या ना भाऊ, अर्ध्या तासात.
तुझा अर्धा तास मला माहीत आहे.
त्यात आमूचं गॅदरिंग मावलं,
माझा चाळिसावा वाढदिवस मावला, केकसकट,
फुटाळ्यावर भुट्टा खायचे तीन बेत मावले
आणि वर थोडी जागा उरलीच.

भांडूनही पाहिलं.
जानेवारीत तुझा फोन तांदळाच्या डब्यात लपवला.
डबा वाजायला लागला.
आमू हसली, तूही हसलीस,
कोपरापर्यंत हात घालून फोन काढलास
आणि म्हणालीस, "बोला."
मग मी, चित्रकलेचा मास्तर,
कॅलेंडरातले सगळे रविवार पोपटी रंगवले.
तू त्यावर पेन्सिलीने खांबांचे नंबर लिहिलेस.

एकदा रात्री दोनला
ओट्याशी उभ्याने गार वरणभात खाताना विचारलंस,
"आमूचा दात कधी पडला रे?"
मंगळवारी, म्हणालो.
कोणत्या मंगळवारी, ते तू विचारलं नाहीस.
नुसती ताटात बघत राहिलीस.

त्या रात्री राग आला नाही.
तुझे बाबा आठवले.
जन्मभर हेल्पर. वर चढणारे दुसरे,
ते खाली शिडी धरून, मान वर करून उभे.
तू आता साहेब झालीस, शिडी केव्हाच बदलली,
पण हात तेच आहेत तुझे.
तुला वाटतं, सोडले
की वर कोणीतरी पडेल.

म्हणून मी वेळ मागणं बंद केलं.
सक्करदऱ्यातून वाळ्याच्या नव्या ताट्या आणल्या,
पंप तपासला, बुश बदलला, टाकीला रंग दिला,
आणि कूलर उचलला नाही.
शेजारचे ढोके म्हणाले, "या, मी हात लावतो."
नको म्हणालो.
"अहो, त्रेचाळीस आहे!"
असू द्या म्हणालो.
आमू ओली चादर पांघरून फरशीवर झोपते,
मोठेपणी सांगायला गोष्ट झाली म्हणते.

आज तूच फोन केलास. मागे लोकांचा गलका.
"कूलर लावला नाही अजून? पोरगी भाजून राहिली तिकडे."
"दोघं लागतात," मी म्हणालो.
गलका तेवढा ऐकू येत राहिला.
मग तू कुणाला तरी म्हणालीस,
"राऊत, इथून पुढे तुम्ही बघा."

साडेनऊला आलीस. चप्पलही काढली नाहीस.
तू तिकडून, मी इकडून,
आमू पान्हा घेऊन मुकादम.
एक, दोन...
आणि कूलर छातीपर्यंत आला तेव्हा
तुझ्या खिशात फोन वाजला.

दोन्ही हात खाली अडकलेले.
तू माझ्याकडे पाहिलंस, मी तुझ्याकडे.
आमू मोठ्याने रिंगा मोजू लागली.
अकराव्या रिंगेला कूलर स्टँडवर बसला,
कबुतर उडून ढोक्यांकडे गेलं.

फोन तू नंतर बघितलास, हे लपवत नाही.
पण त्याआधी टाकीत तिसरी बादली ओतलीस,
पाणी ताट्यांवरून उतरेपर्यंत थांबलीस,
वाळ्याचा पहिला वास आला
तेव्हा आमूच्या तोंडात डोकावून
नवा दात बोटाने चाचपलास.

चार मिनिटं. घड्याळ लावलं नव्हतं,
पण मी सांगतो, चार.

मे महिन्यात टाकी धुवायची आहे.
तशी ती एकट्यालाही जमते.
पण आमूला आणि मला
यंदा अजिबात जमणार नाही.